६/६ नजर, तरीही एकाचे दोन

डोळे तपासायला गेल्यावर समोर येणारा अक्षरांचा तक्ता सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आधी एक डोळा झाकून वाचायचे, मग दुसरा झाकून. खालच्या बारीक ओळीपर्यंत दोन्ही डोळे पोचले की कागदावर ६/६ लिहिले जाते आणि डोळे चांगले असल्याचा निर्वाळा मिळतो. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचे नेत्रवैद्य हर्मन स्नेलन यांनी १८६२ मध्ये हा तक्ता तयार केला, आणि नजर मोजण्याच्या कामाला त्याने जी शिस्त लावली तिचे उपकार मोठे आहेत. मात्र हा तक्ता एका वेळी एकाच डोळ्याला प्रश्न विचारतो. दोन्ही डोळे उघडे असताना, एकाच वस्तूवर रोखलेले असताना, ते एकमेकांशी जुळवून घेतात की नाही, हे त्यातून कळत नाही. जुवाला जुंपायच्या बैलांची ताकद वेगवेगळी अजमावली, पण जोडी एका चालीने चालते का हे पाहिलेच नाही, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे काही माणसे तपासणीतून निसटून जातात. संध्याकाळ होता होता त्यांना पुस्तकातली ओळ दुपदरी दिसू लागते, भुवया आणि कपाळ दुखते, जिना उतरताना पायरी नेमकी कुठे आहे याचा भरवसा वाटत नाही. आणि हातात मात्र दर वेळी ‘नॉर्मल’ असा शेरा पडतो. या लोकांचा त्रास खरा आहे, बहुतेक वेळा तो मोजता येतो, आणि बऱ्याचदा त्यावर इलाजही आहे. म्हणून दोन्ही डोळ्यांची एकत्र तपासणी हा प्रत्येक नेत्रतपासणीचा नेहमीचा भाग झाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

हे मत पटायला दोन डोळे एकत्र कसे काम करतात ते आधी पाहावे लागेल. प्रत्येक डोळा सहा स्नायूंच्या जोरावर फिरतो, आणि मेंदूतून निघणाऱ्या तीन नसा त्या स्नायूंना हुकूम पोचवतात. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर अंतर असते, म्हणून डाव्या आणि उजव्या डोळ्याला दिसणारी चित्रे किंचित वेगळी असतात. याच फरकातून मेंदू खोलीचा अंदाज काढतो, हे चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. आरसे लावलेल्या उपकरणातून त्याने दोन डोळ्यांना दोन वेगवेगळी सपाट रेखाचित्रे दाखवली, आणि पाहणाऱ्याला तिथे भरीव वस्तू असल्याचे दिसले. त्यासाठी दोन्ही चित्रे मेंदूत एकमेकांवर नेमकी बसावी लागतात, आणि ती बसायची तर दोन्ही डोळे एकाच बिंदूकडे वळलेले असावे लागतात. दूरच्या झाडावरून हातातल्या मोबाइलवर नजर आणताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, आतली भिंगे फुगतात, बाहुल्या लहान होतात, आणि आपल्याला यातले काही जाणवतही नाही.

आता यातली खरी गोम अशी की बहुतेक माणसांचे डोळे मोकळे सोडले तर पूर्ण सरळ राहत नाहीत. कुणाचे थोडे बाहेर, कुणाचे आत, कुणाचा एखादा वर-खाली सरकू पाहतो. मेंदू ही ओढ दिवसभर आवरून धरतो. आवरण्याची ताकद ओढीपेक्षा पुष्कळ जास्त असेल, तर त्या माणसाला आयुष्यभर कशाचाही पत्ता लागत नाही. ताकद जेमतेम पुरणारी असेल, तर ताप, जागरण, मद्य, परीक्षेचा अभ्यास, हिशेबाची महिनाअखेर यांपैकी काहीही निमित्त होऊन तोल जातो आणि एकाचे दोन दिसू लागतात. विश्रांती मिळाली की पुन्हा सगळे ठीक. हा त्रास येतो-जातो तो यामुळे, आणि तपासणीत तो सापडत नाही तोही बऱ्याच अंशी यामुळेच. सकाळी दहा वाजता, ताज्या डोळ्यांनी, दोन मिनिटे तपासलेल्या माणसाकडे रात्री आठ वाजताच्या त्रासाचा पुरावा नसतो. आडव्या दिशेची ओढ बरीच आवरता येते. उभ्या दिशेने मात्र मेंदूची सहनशक्ती फार थोडी असते. एक डोळा दुसऱ्यापेक्षा अगदी जरासा वर राहिला, तरी डोके दुखणे, ओळ चुकणे, मान एका बाजूला कलती ठेवण्याची सवय लागणे, असे प्रकार सुरू होतात. असा माणूस वर्षानुवर्षे मानेचा इलाज करत राहिला, तर त्यात त्याची चूक नाही.

लोक आपला त्रास कोणत्या शब्दांत सांगतात, इकडे डॉक्टरांनी आणि घरच्यांनी बारकाईने लक्ष द्यायला हवे. ‘मला दोन दिसतात’ असे सरळ सांगणारे कमी. ‘धूसर होते’, ‘अक्षरे हलतात’, ‘तीच ओळ पुन्हा वाचतो’, ‘वाचले की झोप येते’, ‘डोळे ओढल्यासारखे वाटतात’, अशी भाषा जास्त ऐकू येते. दोन प्रतिमा थोड्याशाच सरकलेल्या असतील, तर त्या दोन वाटत नाहीत; कडा फुटलेले एकच चित्र वाटते. लहान मुले तर सांगतच नाहीत, कारण सगळ्यांना असेच दिसत असणार अशी त्यांची समजूत असते. त्यांच्या वागण्यातून मात्र कळते. मूल उन्हात आले की एक डोळा मिटते, वाचताना एक डोळा हाताने झाकते, झेल सोडते, ओळीखाली बोट धरल्याशिवाय वाचत नाही. मोठ्यांच्या बाबतीत घरातल्या कामांत खुणा सापडतात. सुईत दोरा जात नाही, चहा कपाच्या कडेवर सांडतो, कुलपाच्या भोकाशेजारी किल्ली टेकते, समोरून येणारी मोटारसायकल किती लांब आहे हे ठरत नाही म्हणून रस्ता ओलांडताना पाय अडखळतो. अशा माणसाला आपल्याकडे धांदरट म्हणतात, मुलाला आळशी म्हणतात. शेरे मारणे सोपे असते, आणि ज्याला ते ऐकावे लागतात त्याचा स्वतःवरचा विश्वास त्यात जातो.

हा सगळा अनुभवांचा पसारा झाला. पुरावा काय आहे? जवळचे पाहताना दोन्ही डोळे पुरेसे आत न वळणे, हा या गटातला सर्वांत जास्त अभ्यासलेला दोष. तरुण माणसाच्या नाकाकडे पेन्सिलीचे टोक हळूहळू आणले, तर साधारण पाच-सहा सेंटिमीटरवर येईपर्यंत ते एकच दिसते. दोष असणाऱ्याला ते बरेच आधी दुहेरी होते. तमिळनाडूत शहरी आणि ग्रामीण शाळांमधल्या नऊशेहून अधिक मुलांची दोन्ही डोळ्यांच्या जुळणीच्या दृष्टीने पद्धतशीर तपासणी झाली. डोळे तिरळे न दिसताही जुळणीत किंवा जवळचे स्पष्ट करण्याच्या क्रियेत काही ना काही दोष असलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे ३० टक्के निघाले, आणि त्यात आत वळण्याच्या कमतरतेचा वाटा सर्वांत मोठा होता. व्याख्या थोडी कडक केली तर हा आकडा खाली येईल, हे मान्य. तरीही एखाद्या वर्गातली बरीच मुले ज्या गोष्टीने बेजार असू शकतात, ती शाळेतल्या नेत्रतपासणीत पाहिलीच जात नाही, ही बाब सोडून देण्यासारखी नाही.

उपचारांचा पुरावाही आहे, आणि तो पूर्ण सांगणे गरजेचे आहे. सोयीचा तेवढा सांगून भागणार नाही. अमेरिकेत नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या मदतीने झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९ ते १७ वयाची २२१ मुले होती. सर्वांचे डोळे जवळचे पाहताना नीट आत वळत नव्हते. बारा आठवडे एका गटाने दर आठवड्याला दवाखान्यात तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि जोडीला घरी व्यायाम केले. दुसऱ्याने घरच्या घरी फक्त पेन्सिल नाकाकडे आणण्याचा व्यायाम केला. तिसऱ्याने पेन्सिलीबरोबर संगणकावरचे व्यायाम केले. चौथ्या गटाला दवाखान्यातच, पण मुळात निरुपयोगी असे दिखाऊ व्यायाम दिले. पहिल्या गटातली ७३ टक्के मुले बरी झाली किंवा सुधारली. पेन्सिलवाल्या गटात हे प्रमाण ४३ टक्के, संगणकवाल्यात ३३ आणि दिखाऊ व्यायामांच्या गटात ३५ टक्के होते. आपल्याकडे सर्रास दिला जाणारा ‘घरी पेन्सिलीचा व्यायाम करा’ हा सल्ला नुसत्या आश्वासनापेक्षा फारसा पुढे जात नाही, असाच या आकड्यांचा अर्थ आहे. मग त्याच संशोधकांच्या परंपरेत २०१९ मध्ये दुसरी मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ३११ मुले, सोळा आठवडे. या वेळी प्रश्न वाचनाचा होता. व्यायामांनी डोळे आत वळण्याची मोजमापे स्पष्टपणे सुधारली. मात्र वाचलेले समजण्याची क्षमता खऱ्या आणि दिखाऊ गटांत सारखीच वाढली, आणि मुलांनी सांगितलेला त्रासही दोन्हीकडे जवळजवळ सारखाच कमी झाला.

या दुसऱ्या निकालाकडे बोट दाखवून हा सगळा बाजारच आहे असे म्हणणारे आहेत. मला तो निकाल वेगळे शिकवतो. त्रासाची प्रश्नावली एकट्याने पुरेशी नाही, मोजमाप करावेच लागते, हे त्यातून ठरते. आणि ‘आमच्या व्यायामांनी मुलाचे गुण वाढतील’ असे जाहिरातीत लिहिणारे पालकांची फसवणूक करतात, हेही ठरते. वाचनाची अडचण भाषेची, शिकवण्याची, अध्ययनक्षमतेची असू शकते. तिचे मूळ डोळ्यांत शोधत वर्ष घालवणे मुलावर अन्याय आहे. पण पेन्सिल पंधरा सेंटिमीटरवरच दुहेरी होणाऱ्या मुलाचा दोष खरा आहे आणि तो सुधारता येतो, हा २००८ चा निष्कर्ष त्याने पुसला जात नाही. प्रिझमच्या चष्म्याचेही असेच आहे. प्रिझम प्रकाश वळवतो, त्यामुळे सरकलेल्या दोन प्रतिमा पुन्हा एकत्र आणता येतात. उभ्या दिशेचा दोष असलेल्यांना किंवा उतारवयात फक्त लांबचे दुहेरी दिसू लागलेल्यांना त्याने मोठा आराम पडतो. मात्र आत वळण्याच्या कमतरतेसाठी मुलांना दिलेले प्रिझमचे वाचनाचे चष्मे साध्या चष्म्यापेक्षा सरस ठरले नाहीत, हे २००५ मध्येच चाचणीतून दिसले आहे. कोणाला व्यायाम, कोणाला प्रिझम, कोणाला शस्त्रक्रिया, कोणाला यांपैकी काहीच नको, हे दोष कोणता आहे यावर अवलंबून असते, आणि तो कळण्यासाठी तपासणी आधी लागते. डोळे आपोआप चष्म्याशिवाय सुधारतील असे सांगणाऱ्या पद्धती यात धरू नयेत. १९२० मध्ये विल्यम बेट्स या अमेरिकी डॉक्टरने लिहिलेल्या पुस्तकापासून असे दावे चालत आले आहेत, आणि चाचणीत ते टिकलेले नाहीत.

‘आजकाल सगळ्यांचेच डोळे दुखतात, मोबाइल बाजूला ठेवा,’ हा आक्षेप घराघरांत ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी वेळा मिटतात, डोळे कोरडे पडतात, आणि कोरड्या डोळ्याने धूसरही दिसते. पण एवढे म्हणून थांबले की दोन वेगळे त्रास एका पोत्यात कोंबले जातात. दिवसाला आठ तास पडद्यासमोर बसणाऱ्या दहा जणांपैकी एकालाच दुहेरी दिसत असेल, तर कारण पडद्याच्या पलीकडे, त्या एकाच्या डोळ्यांच्या जुळणीत शोधावे लागते. पडद्याने फक्त ती उघडी पाडली. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर आज शहरांतले लोक भरपूर पैसे खर्चतात. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा डोळ्यांचा ताण कमी करण्यात या काचांचा साध्या काचांवर अल्पकाळात काही वरचष्मा दिसला नाही. तोच पैसा नीट तपासणीवर खर्च झाला असता तर किती तरी अधिक उपयोग झाला असता. साधा चष्मा नीट बसवला आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ काम होते. काचेचा मध्य बाहुलीसमोर नसेल तर चष्मा आपणहून प्रिझमसारखे वागू लागतो. नंबर उणे ६ असेल आणि मध्य अर्धा सेंटिमीटर सरकला असेल, तर ३ प्रिझम डायऑप्टर (प्रकाश वळवण्याचे माप) इतकी खेच डोळ्यांवर दिवसभर राहते. बाहुल्यांमधले अंतर न मोजता, अंदाजाने तयार केलेल्या स्वस्त चष्म्याने काही जणांचा त्रास सुरू होतो, आणि नवा चष्मा आहे, सवय होईल, असे सांगून त्यांना परत पाठवले जाते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एका डोळ्यानेही माणसे उत्तम जगतात, मग दोन डोळ्यांच्या जुळणीचा एवढा बाऊ कशाला? याचे सर्वांत मोठे उदाहरण भारतीय क्रिकेटने दिले आहे. मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्यात १ जुलै १९६१ रोजी इंग्लंडमधल्या होव्ह इथे मोटार अपघातात काचेचा तुकडा गेला. त्याच वर्षाअखेर ते भारतासाठी पहिली कसोटी खेळले, पुढच्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध शतक ठोकले, आणि मार्च १९६२ मध्ये एकविसाव्या वर्षी कर्णधार झाले. पण त्यांनी स्वतः लिहिलेले वाचले तर हे उदाहरण आक्षेपाच्या बाजूने उभे राहत नाही. ‘टायगर्स टेल’ या आत्मचरित्रात त्यांनी सांगितले आहे की जगमधले पाणी पेल्यात ओतताना ते टेबलावर पडे आणि सिगारेट पेटवताना काडी टोकापासून बाजूला राही. दुखावलेल्या डोळ्यावर भिंग लावून खेळताना त्यांना दोन चेंडू दिसत. मग तो डोळा बंद ठेवून, टोपी त्यावर ओढून खेळणे त्यांना सोयीचे वाटले. एकाच डोळ्यापेक्षा न जुळणारे दोन डोळे जास्त छळतात, हे एवढ्या स्पष्टपणे दुसऱ्या कुणी सांगितले असेल असे वाटत नाही. एका डोळ्याने जगणाऱ्याचा मेंदू सावल्या, आकार, वस्तू एकमेकींना झाकतात ते, डोके हलवल्यावर जवळचे-लांबचे वेगवेगळ्या वेगाने सरकते ते, यांवरून अंतर काढायला शिकतो. त्याला वेळ लागतो, पण चित्र स्थिर असते. ज्याला दिवसातून काही वेळ एक आणि काही वेळ दोन दिसतात, त्याच्या मेंदूला कशाचीच सवय करून घेता येत नाही.

डोळे तिरळे असलेल्या लहान मुलांचे गणित आणखी निराळे आहे. त्यांचा मेंदू दुहेरी चित्र सहन करत नाही; एका डोळ्याचे चित्र तो सरळ दाबून टाकतो. मुलाला दोन दिसत नाहीत, पण दाबलेला डोळा हळूहळू मंद होतो, ज्याला आपण आळशी डोळा म्हणतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले की वाढीच्या कोवळ्या काळात डोळे तिरळे राहिले, तर दोन्ही डोळ्यांना एकत्र प्रतिसाद देणाऱ्या मेंदूतल्या पेशी फार थोड्या उरतात. या मालिकेतल्या कामासाठी त्यांना १९८१ चे नोबेल मिळाले. आपल्याकडे किंचित तिरळे असणे शुभ मानणारी घरे अजून आहेत, मुलीला तर ‘लकी’ म्हणून कौतुकाने दाखवतात. त्या कौतुकात उपचाराची सर्वांत फलदायी वर्षे निघून जातात. पण ती वर्षे गेली म्हणून सगळे संपले, असेही आता म्हणता येत नाही. सुझन बॅरी या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ बाईंचे डोळे अगदी लहानपणापासून तिरळे होते. बालपणी तीन शस्त्रक्रिया होऊन डोळे सरळ दिसू लागले, तरी त्यांना खोली दिसत नव्हती, आणि हे त्यांना कळले ते महाविद्यालयात ह्यूबेल-वीझल यांच्या प्रयोगांबद्दल ऐकताना. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नियमित दृष्टिव्यायामांनंतर त्यांना मोटारीचे स्टिअरिंग समोरच्या डॅशबोर्डपासून सुटून पुढे आलेले दिसले. मेंदूविकारतज्ज्ञ आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स यांनी २००६ मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला, आणि २००९ मध्ये त्यांचे स्वतःचे पुस्तक आले. एका व्यक्तीच्या कहाणीवरून सर्वांना आशा दाखवणे योग्य नाही, आणि तिरळेपणा असलेल्या बहुतेक प्रौढांना हे साधत नाही. तरी मोठेपणी मेंदू अजिबात बदलत नाही, हे वाक्य आता डॉक्टरांनी रुग्णाला एवढ्या खात्रीने ऐकवू नये.

शेवटचा आक्षेप पैशाचा आणि प्राधान्याचा. मोतीबिंदूने आंधळे होणारे लोक जिथे आहेत, नंबराचा साधा चष्मा जिथे शाळकरी मुलांना मिळत नाही, तिथे ही चैन कशाला? भारताने १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तो मोतीबिंदूसारख्या कारणांसाठी, आणि ते प्राधान्य रास्त होते. परंतु दोन डोळ्यांची जुळणी तपासायला महागडे यंत्र लागत नाही. एक डोळा हाताने झाकायचा, मग हात काढायचा, आणि दोहोंपैकी कोणता डोळा जागचा हलतो का ते पाहायचे; पेन्सिल नाकाकडे आणायची; त्रिमितीची एक चित्रपुस्तिका दाखवायची. शिकलेल्या माणसाला याला फारशी मिनिटे लागत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमध्ये झाली, आणि त्याची पथके शाळांत जाऊन मुलांना तपासतात. त्या पथकांना या तीन चाचण्या शिकवणे आणि सापडलेल्या मुलांना जिल्हा रुग्णालयात ऑप्टोमेट्रिस्टकडे धाडणे, एवढे महाराष्ट्राला सहज करता येईल. खरी कमतरता आहे ती डोळ्यांच्या हालचाली तपासून उपचार करणाऱ्या प्रशिक्षित माणसांची, आणि ती तालुक्याच्या ठिकाणी जास्त जाणवते. मोतीबिंदूच्या कार्यक्रमालाही याची गरज आहे. एका डोळ्यातला दाट मोतीबिंदू अनेक वर्षे राहिला, तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही दोन्ही प्रतिमा जुळत नाहीत आणि दृष्टी परत मिळालेल्या माणसाला एकाचे दोन दिसू शकतात. याची पूर्वकल्पना दिलेली नसेल, तर तो शस्त्रक्रियाच फसली असे समजतो.

एक गोष्ट मात्र सवडीने करायची नाही. दुहेरी दिसणे अचानक सुरू झाले, तर ते ताण किंवा थकवा म्हणून घरी बसवून ठेवू नये. आधी एक डोळा झाकून पाहावे. कोणताही एक डोळा झाकल्यावर दुसरी प्रतिमा जात असेल, तर दोष दोन डोळ्यांच्या जुळणीत आहे. एक डोळा झाकूनही उरलेल्या डोळ्याला दोनच दिसत असतील, तर दोष बहुतेक त्या एका डोळ्यात आहे. मोतीबिंदू, कोरडेपणा, वाकडा नंबर अशी त्याची कारणे असतात आणि घाई कमी असते. पहिल्या प्रकारात मधुमेहाचा विचार लगेच करावा लागतो. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासाने २०२३ मध्ये दिला, आणि साखरेमुळे डोळा फिरवणाऱ्या नसेचा रक्तपुरवठा बिघडून अचानक दोन दिसणे हे डॉक्टरांना परिचित आहे. असे रुग्ण बहुधा काही महिन्यांत बरे होतात. दुहेरी दिसण्याबरोबर पापणी पडली असेल, बाहुली मोठी झाली असेल, जबर डोके दुखत असेल, बोलणे अडखळत असेल, तोंड वाकडे झाले असेल किंवा हातपाय लुळे पडले असतील, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा किंवा पक्षाघात असू शकतो, आणि त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात पोचले पाहिजे. पापणी आणि दुहेरीपणा दोन्ही सकाळी कमी, संध्याकाळी जास्त असे होत असेल, तर मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायूंच्या आजाराची तपासणी हवी. त्यावर चांगली औषधे आहेत. थायरॉइडचे रुग्ण डोळे पुढे आल्याचे किंवा दोन दिसत असल्याचे सांगत असतील, तर त्यांनी तंबाखूचा धूर पूर्णपणे सोडावा, कारण धूम्रपानाने हा नेत्रविकार बळावतो.

इलाज सुरू असताना किंवा इलाज पुरता न लागू पडताही दिवस तर काढायचे असतातच. दुहेरी असह्य होईल त्या वेळी चष्म्याच्या एका काचेवर दुधी चिकटपट्टी लावली की चित्र एक होते. डोळ्याला इजा होत नाही. लहान मुलांना मात्र डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय असे करू नये. दोन दिसत असताना दुचाकी-चारचाकी चालवू नये, आणि एक डोळा नुकताच झाकायला सुरुवात केली असेल तर अंतराची सवय होईपर्यंत काही आठवडे तरी थांबावे. ओतताना भांड्याचा काठ पेल्याच्या काठाला टेकवावा. घरातल्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला उजळ रंगाची पट्टी ओढावी; म्हाताऱ्या माणसांचे पडणे त्याने कमी होऊ शकते. वाचनाला पट्टी ओळीखाली ठेवावी, अक्षर मोठे करावे, मधून मधून लांब पाहावे. शिलाई, सोनारकाम, सुटे भाग जोडणे अशी कामे करणाऱ्यांनी हा त्रास मालकाला सांगितला पाहिजे आणि मालकांनी तो बहाणा समजू नये. पुढच्या वेळी नंबर काढायला जाल तेव्हा दोन्ही डोळे एकत्र तपासायला सांगा, चष्मा घेताना बाहुल्यांमधले अंतर मोजून घ्या, आणि त्रास संध्याकाळचा असेल तर तपासणीची वेळही संध्याकाळचीच मागा.